लॉग स्वच्छ आहे

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. महिन्यातून दोन-तीनदा तक्रार यायची: काल संध्याकाळच्या शेवटच्या एक-दोन पावत्या गायब. मी घरून जोडणी करून जर्नल, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, तपासायचो. शटडाऊन व्यवस्थित, एरर एकही नाही. "लॉग स्वच्छ आहे," असं कळवायचो. म्हणजे काउंटरवरच्या मुलीनेच सेव्ह दाबलं नाही, असा अर्थ तिथे निघायचा.

लिनक्समध्ये नोंदी ठेवणारा जर्नलडी हा प्रोग्राम स्वतः डिस्कच्या 'वार' (/var) नावाच्या विभागावर लिहितो. बंद होताना तो विभाग सोडवायचा तर जर्नलडीला आधी तिथून हात काढावा लागतो. पुढच्या नोंदी रॅममध्ये जातात आणि मशीन बंद होताच पुसल्या जातात. सुरू होतानाही डिस्क उशिरा मिळते, पण तेव्हाच्या नोंदी नंतर डिस्कवर उतरवता येतात. बंद होताना 'नंतर' नसतंच.

शेवटी एका संध्याकाळी तिथे जाऊन स्क्रीनसमोर बसलो. शटडाऊन दिला आणि मशीन दोन मिनिटं नुसतं थांबून राहिलं. इतके महिने हे कुणी पाहिलंच नव्हतं; बटण दाबून सगळे घरी जात.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपले संदेश रॅममधल्या ज्या बफरमध्ये ठेवतो तो १ एमबी केला आणि सिस्टम-शटडाऊन फोल्डरमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली. मशीन सुरू-बंद करणारा सिस्टमडी ती अगदी शेवटी, सगळे विभाग सोडवून (अनमाउंट करून) झाल्यावर चालवतो. रूट, म्हणजे मुख्य विभाग, पुन्हा लिहिण्याजोगा करायचा, डीमेसेज (त्या बफरमधले संदेश) फाइलमध्ये ओतायचं, रूट परत रीड-ओन्ली. पुढच्या बूटला फाइल उघडली: 'सेशन रिकव्हरी टाइम्ड आउट आफ्टर १२० सेक्स'. त्याखाली 'लॉस्ट असिंक पेज राइट'. म्हणजे डिस्कशी तुटलेली जोडणी १२० सेकंदांत परत आली नाही आणि डिस्कवर लिहायचा मजकूर हरवला.

डेटा आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेल्या डिस्कवर होता. कोणती डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये तिच्या ओळीत 'नेटडेव्ह' (ही डिस्क नेटवर्कवरची आहे) हा शब्द नसल्याने सिस्टमडी ती डिस्क स्थानिक समजत होता आणि तिच्याआधी नेटवर्क बंद करत होता. पावती करून लगेच शटडाऊन दिला की ती पावती रॅममध्येच राहायची. बूट अडकतं म्हणून आमच्याच एका सहकाऱ्याने तिथे 'नोफेल' (डिस्क मिळाली नाही तरी पुढे जा) टाकलं होतं. कारण न शोधता नोफेल टाकून मोकळं व्हायची ही सवय मला मुळीच सहन होत नाही.

'नेटडेव्ह' हा एक शब्द घातल्यापासून शटडाऊन काही सेकंदांत होतो.

मुलीला भेटून चूक आमची होती हे सांगितलं. ती म्हणाली, "सर, माझ्याकडून तीन लेखी खुलासे घेतलेत. ते माझ्या फाइलमधून कोण काढणार?"

मॅनेजरसाहेबांना लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.