फुग्यावर बोट ठेवून

दर रविवारी सकाळी मी परळला मुलांचा चित्रकथेचा वर्ग घेते. बाकीचे दिवस जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड काढते. तीस सेकंदांची फिल्म शूट व्हायच्या आधी ती चौकटी-चौकटीत कागदावर काढून द्यायची, हे माझं काम. दोन्हीकडे एक प्रश्न ठरलेला. मुलांचे आईवडील विचारतात, एजन्सीत नवीन लागलेली मुलं विचारतात: "तुमचा सगळ्यात आवडता कॉमिक्सवाला कोण?" बहुतेकांना एखादं परदेशी नाव ऐकायचं असतं. मी राम वाईरकर म्हणते. समोरचा गप्प. मग मी 'सुप्पांडी' म्हणते आणि त्याचा चेहरा उजळतो. सुप्पांडी सगळ्यांचा, त्याला काढणारा मात्र कुणाच्या लक्षात नाही. घाईत दिलेल्या उत्तराने त्या माणसावर अन्याय होतो असं मला वाटत आलंय. चित्रकथांचे माझे आवडते चित्रकार आणि लेखक कोण, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आज नीट सांगते.

माझ्या मामाचं भोईवाड्याला रद्दीचं दुकान होतं. दाराशी तराजू, एक स्टूल आणि मागे छतापर्यंत गठ्ठे. शाळा सुटली की आईची ड्यूटी संपेपर्यंत मी तिथेच बसायचे. दादरच्या पारशी कॉलनीतून, हिंदू कॉलनीतून गठ्ठे यायचे, त्यात वर्तमानपत्रांच्या घडीत 'अमर चित्र कथा' आणि 'इंद्रजाल' या चित्रकथांचे अंक सापडायचे. मामा ते तराजूत घालायचा नाही. शेंगदाणेवाले पुड्यांसाठी मागायचे, त्यांनाही द्यायचा नाही. बहुतेक अंकांचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं. अशा अंकाला मधोमध दोन टाचण्या असतात, त्यामुळे सगळ्यात बाहेरचा कागद आधी सुटतो, आणि आतला एक सुटला की पहिली दोन आणि शेवटची दोन पानं एकदमच जातात. गोष्ट कुणाची ते कळायचं नाही आणि शेवट काय झाला तेही नाही.

त्यात ते अंक इंग्रजी. मी मराठी शाळेत, आणि मामा चौथी शिकून गावाहून मुंबईला आलेला. तो अंक मांडीवर घ्यायचा आणि चित्रं बघून गोष्ट सांगायचा. "बाय, ह्याका बघ. राग आलाहा, पण बोलूचो नाय. कित्या? आवस मागे उभी आसा." मी बघायचे तर खरंच मागे एक बाई उभी असायची, दाराच्या चौकटीला हात लावून.

कॉलेजात गेल्यावर इंग्रजी वाचायला जमू लागलं, तेव्हा तेच अंक मी पुन्हा काढले. मामाची गोष्ट कित्येक ठिकाणी साफ वेगळी निघाली. पण काही अंकांत ती जवळजवळ जुळत होती. नुसत्या हावभावांवरून मामाने कोण कुणावर रुसलंय, कोण खोटं बोलतंय, कोण घाबरलंय हे बरोबर ओळखलं होतं. पहिलं पान शाबूत असलेले त्यातले अंक बघितले, तर चित्रकाराचं नाव पुन्हा पुन्हा एकच: राम वाईरकर.

तेव्हापासून मी कुठलीही चित्रकथा हातात आली की संवादाच्या फुग्यांवर बोट ठेवून बघते. शब्द झाकले तरी माणसं बोलताना दिसली पाहिजेत. वर्गातही मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते, फुग्यांवर कागदाचे तुकडे ठेवून.

वाईरकरांनी काय काय काढलं ते बघा. अनंत पै यांनी 1967 साली 'अमर चित्र कथा' सुरू केली, तिचे सुरुवातीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. आपली पहिली गोष्ट अकराव्या क्रमांकाला आली, 'कृष्ण'. तिची चित्रं वाईरकरांची. देव, गोपी, राक्षस, यमुना, हे सगळं ज्या हाताने काढलं त्याच हाताने पुढे 'टिंकल' या मुलांच्या अंकात 1983 साली सुप्पांडी काढला. निमुळतं डोकं, वर चार केसांची बट, आणि मालकाने सांगितलेलं काम तंतोतंत करून त्याचा सत्यानाश केल्यावरही चेहऱ्यावर पूर्ण समाधान. त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. त्यात लबाडी नाही, लाचारीही नाही. सांगितलेलं काम आपण मनापासून केलं, असं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे. एखाद्या आळशी चित्रकाराने वेडसर डोळे आणि लोंबती जीभ काढून हसू वसूल केलं असतं. वाईरकरांनी त्याला इभ्रत दिली, म्हणून त्याच्यावर हसताना आपण त्याला हिणवत नाही. हे कागदावर आणणं किती अवघड आहे ते मी रोज अनुभवते. क्लायंटला 'साधा, भोळा कामगार' हवा असतो, आणि माझ्या पहिल्या तीन स्केचांत तो हमखास मूर्ख दिसतो. चौथ्यात मी भुवया थोड्या वर घेते, मान सरळ करते, तेव्हा कुठे माणूस दिसू लागतो. मान सरळ करायची, हे मी सुप्पांडीकडून शिकले. वाईरकरांनंतर त्यांच्या मुलीने सुप्पांडी काढायला घेतला.

'अमर चित्र कथे'चेच दुसरे चित्रकार प्रताप मुळीक. शरीररचनेवर त्यांची पकड वाईरकरांपेक्षा जास्त, हे मी मान्य करते. दंडाचे स्नायू, घोड्याची मान, अंगरख्याच्या चुण्या बघत राहाव्यात. पण मुळीकांची माणसं उभी राहतात तेव्हा त्यांना माहीत असतं की आपल्याकडे कुणीतरी बघतंय. राजाला ते शोभतं, पुढे 'राज कॉमिक्स'च्या नागराजलाही शोभलं. दरवाजात उभ्या असलेल्या आईला शोभत नाही. आणि 'अमर चित्र कथे'च्या सगळ्या मालिकेची एक गोष्ट मला आजही खुपते: असुर काळे आणि राण्या गोऱ्या. वर्गात मुलं पहिल्यांदा रंग भरतात तेव्हा खलनायकाला काळा रंग देतात. मी त्यांना थांबवते आणि विचारते, का? उत्तर कुणाकडेच नसतं.

शब्दच नकोत म्हणाल तर शि. द. फडणीस. मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांनी त्यांना नाव कळायच्या आधी गणिताच्या पुस्तकात पाहिलंय. त्यांच्या चित्रात झाकायला फुगाच नसतो. वसंत सरवटे मला थोडे उशिरा कळले. 'ललित' या साहित्यविषयक मासिकातला तो हातोडावाला ठणठणपाळ आणि वर्षानुवर्षांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं समजायला आधी मराठी साहित्य वाचावं लागतं. पण त्यांची रेघ बघा. कुठेही सजवलेली नाही, आणि तरी माणसाच्या पाठीवरून कळतं की हा समीक्षक आहे.

आता लेखक. लेखकासाठी मी उलटं करते, चित्र झाकते आणि नुसते शब्द वाचते.

ली फॉक या कसोटीला उतरतात. त्यांनी 1936 साली फँटम सुरू केला आणि 1999 साली जाईपर्यंत ते त्याच्या गोष्टी लिहीत राहिले. आपल्याकडे 1964 साली 'इंद्रजाल'मधून तो वेताळ होऊन आला. बेंगाला हे मूळ देशनाव बंगालसारखं वाटू नये म्हणून त्याचं देंकाली झालं. फॉक यांची युक्ती अशी की वेताळ स्वतःविषयी फारसं बोलतच नाही. त्याच्याबद्दल जंगल बोलतं. मध्येच एक ओळ येते, जंगलातली जुनी म्हण आहे म्हणून, आणि त्या एका ओळीत चारशे वर्षांचा दरारा उभा राहतो. आमच्या कोकणात राखणदाराबद्दल लोक असंच बोलतात. कुणी पाहिलेला नसतो, पण त्याच्या वाटेवरून रात्री कुणी जात नाही. मामाला वेताळ लगेच पटला, तो त्यामुळे.

आबिद सुरती यांचा बहादूर 1976 सालचा. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं त्यानेच वाढवलेला. तो गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो, आणि बेला लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहते. त्या काळच्या मुलांच्या कॉमिक्समध्ये हे सगळं सहज येतं, कुठेही भाषण न देता. सुरतींबद्दल मला जास्त आदर वाटतो तो आणखी एका गोष्टीमुळे. सत्तरी ओलांडल्यावर, 2007 पासून, ते मीरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरू लागले. बहादूर लिहिणाऱ्या माणसाने हेच करायला हवं होतं असं मला वाटतं.

आणि अमृता पाटील. त्यांची 'कारी' 2008 साली आली. नायिका जाहिरात एजन्सीत काम करते, शहराला धुरकट हवेचं नाव दिलंय, पण ती आपलीच मुंबई. गोष्टीच्या सुरुवातीला ती गच्चीवरून उडी मारते आणि गटाराच्या पाण्यामुळे वाचते. त्या गटारासमोरून मी रोज जाते, त्याला आपण नाला म्हणतो, नाक दाबतो आणि पुढे होतो. पाटलांनी त्या पाण्याचं ऋण मानणारी बाई लिहिली. चित्र झाकून ती पानं वाचली तरी वास येतो.

इतकी वर्षं माझी कसोटी कुठे अडली नव्हती. ती 'भीमायन'पाशी अडली. हे पुस्तक 2011 साली दिल्लीच्या नवयानने काढलं. बाबासाहेबांचं आयुष्य, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. पुस्तकात चौकोनी चौकटीच नाहीत. माणसांना खोक्यात कोंडायचं नाही, मोकळं ठेवायचं, असं या दोघांनी ठरवलं आणि गोंडांच्या भिंतीवरच्या नक्षीच्या, म्हणजे दिग्न्याच्या वळणांनी पान विभागलं. रेल्वे सापासारखी सरपटते. आणि फुगे! मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विटाळाचे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा.

मी सवयीने फुग्यावर बोट ठेवलं, आणि चित्रच झाकलं गेलं. नांगी बोटाखाली गेली, तशी ओळीतली धारही गेली. इथे शब्द वेगळे काढताच येत नव्हते.

पुस्तक घेऊन मी मामाकडे गेले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, मामा आता मुलाकडे कळव्याला राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्याने पानं उलटली. पुस्तक इंग्रजी, तेव्हा त्याच्यासाठी सगळं पुन्हा भोईवाड्यासारखंच. बाबासाहेबांच्या लहानपणचा मसूर स्टेशनचा प्रसंग मी काढून दिला. 1901 साल, वडिलांना भेटायला निघालेली नटूनथटून आलेली पोरं स्टेशनात थांबली आहेत, आणि जात कळल्यावर कुणी बैलगाडी हाकायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं मोजून पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरतं.

मामाने बराच वेळ पान उलटलं नाही. मग एका फुग्याच्या शेपटीवर नख ठेवलं.

"ह्यो टोचून बोलताहा," तो म्हणाला. "पोरग्याक लागलाहा. बघ, काय बोलाक नाय ता."