नमंगाच्या नाक्यावर अडकलेला मका

टांझानियातल्या अरुशात एका धान्य व्यापाऱ्याकडे मी माल तपासायचं काम करतो. ५ मार्च २०२१ ला केनियाने टांझानिया आणि युगांडाच्या मक्यावर अचानक बंदी घातली. कारण दिलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे धान्यात तयार होणारं विष. दुसऱ्या दिवशी मी नमंगाच्या सीमेवर पोचलो, तर अलीकडे ट्रकची रांग लागलेली. त्यात आमचेही होते.

केनियाची भीती खोटी नव्हती. २००४ मध्ये त्यांच्याच मकुएनी-कितुई भागात बुरशीचा मका खाऊन सव्वाशे माणसं दगावली. पण तो मका सीमेपलीकडून आलेला नव्हता. तिथेच पिकलेला, घराघरांत साठवलेला होता. आपल्याकडे भुईमुगाला लागते तीच ही बुरशी. तिचं विष शिजवूनही जात नाही, आणि इथे तर दोन्ही वेळा ताटात उगालीच, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा असतो.

एका ड्रायव्हरने ओंजळभर मका माझ्यापुढे धरला. "बॉस, बघा की, कसा पांढराशुभ्र आहे. यात काय खोट?"

खोट डोळ्यांना दिसत नाही, हीच तर अडचण. विष मोजक्या दाण्यांत साठलेलं असतं. वरची मूठ स्वच्छ निघते आणि तळाचं पोतं घात करतं. म्हणून पोकळ लोखंडी नळी वरच्या, मधल्या, तळाच्या पोत्यांत खुपसून दाणे काढले, एकत्र दळले आणि विष मोजणाऱ्या चाचणी-पट्टीवर तपासले. आमचा एक ट्रक १० पीपीबीच्या (अब्ज भागांत दहा भाग विष) मर्यादेच्या बराच खाली आला. दुसरा तिच्या दुपटीवर गेला.

बंदीला दोन्ही सारखेच. चांगला माल अडकल्याचा मला संताप आला. ओलसर मका उन्हात ताडपत्रीखाली तापत राहिला की बुरशी वाढतच जाते, म्हणजे उशीर होईल तसा धोकाही वाढणार. तरी मला जास्त छळलं ते दुसऱ्या ट्रकने. तो मागे फिरवला तर अरुशाच्या बाजारात कुणाच्या तरी पोटात जाणार. गुरांना घातला तर विष दुधात उतरतं. मालकांना फोन लावून म्हणालो, "हा माल कुठेच विकायचा नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "गोदामात वेगळा उतरव. कुलूप तू लाव."

१० मार्चला केनियाने अटींवर आयात खुली केली: आयातदारांची नोंदणी, आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. हे बंदीशिवायही करता आलं असतं, असं मला आजही ठामपणे वाटतं. शेजाऱ्याचं धान्य थांबवण्याआधी ते तपासायला हवं होतं.

आता आम्ही गावात, खरेदीच्या जागीच ओलावा मोजतो. साडेतेरा टक्क्यांच्या वर भरला तर मका पोत्यात जात नाही. शेतकऱ्याला ताडपत्री देतो, तो पुन्हा वाळवतो, आणि ठरलेला भाव त्याला तोच मिळतो. भाव पाडला, तर पुढच्या वेळी तो ओला माल दुसऱ्या कुणाला तरी विकून मोकळा होईल.