टायमिंग का उतरत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, रोज दीड तास पोहतोय, एकही दांडी नाही, तरी टायमिंग उतरत का नाही?"

हा प्रश्न तलावाच्या काठावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर तर हमखास येतो. विचारणारे दोन प्रकारचे. शालेय स्पर्धेत नुकत्याच उतरलेल्या मुलांचे आईवडील, किंवा चाळिशीत मास्टर्सचा, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धांचा, फॉर्म भरून बसलेले. पोहायला दोन्हीकडे येतं, म्हणून तो भाग सोडते. आजवर उत्तर तुकड्यातुकड्यानं दिलं आणि ऐकणाऱ्यानं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. आता एकदाच सगळं.

आधी त्या दीड तासाचा हिशेब करू. कपडे बदलून, शॉवर घेऊन पाण्यात उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात. मग किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी) धरून गप्पा. मग २५ मीटर जायचं, कठडा धरायचा, गॉगल काढून थुंकी लावायची, पुसायचा, आणि मनाला येईल तेव्हा निघायचं. भिंतीवरच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही. अशा दीड तासात हजार-बाराशे मीटर होतात आणि सगळे एकाच वेगात. तंत्र सुधारावं इतका तो वेग कमी नसतो आणि रेसला उपयोगी पडावा इतका जास्तही नसतो. रोज मध्यम वेगात पोहलं की माणूस मध्यम वेगात पोहण्यात तरबेज होतो, आणि तसे तुम्ही झालेलाच आहात.

"मग मीटर वाढवू?" पूर्वी मीही हो म्हणायची. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. अगदी नवख्याचं टायमिंग पहिले काही महिने नुसतं पाण्यात जास्त राहूनही उतरतं. पण नंतर गाडी अडते, आणि ती पाण्याच्या विरोधाला अडते. वेग वाढला की विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्याशी झुंजायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त लागते. ती एका सीझनमध्ये कुठून आणणार? त्यापेक्षा विरोध कमी करणं स्वस्त पडतं. डोकं वर धरलं की कंबर आणि पाय खाली जातात. हात डोक्यासमोरच्या मधल्या रेषेच्या पलीकडे पडला की कंबर दोन्ही बाजूंना हलते. कोपर आधी खाली गेलं की तळहात पाणी मागे न लोटता खाली दाबतो. या तिन्ही चुका तशाच ठेवून मीटर वाढवले, तर चुकाच पक्क्या होतात.

एक रेस सविस्तर सांगते, कारण वादाचे सगळे मुद्दे तिच्यातच आहेत. जिल्ह्याची शालेय स्पर्धा, १४ वर्षांखालील मुली, १०० मीटर फ्रीस्टाइल, २५ मीटरचा तलाव. आमच्या बॅचची मुलगी चौथी आली, १:३१.४. तिसरीचं टायमिंग १:३०.८. वडिलांनी गॅलरीतून पूर्ण रेसचा व्हिडिओ काढला होता. खाली येऊन म्हणाले, "मॅडम, सहा दशांशासाठी मेडल गेलं हो. स्टॅमिना कमी पडतोय हिचा. संध्याकाळचीही बॅच लावू का?" मुलगी टॉवेल गुंडाळून शेजारीच उभी होती. तिनं चकार शब्द काढला नाही. मी व्हिडिओ मागून घेतला आणि स्टॉपवॉच लावून बघितला.

चार लॅप असे पडले होते: १८.९, २२.६, २४.६, २५.३. प्रत्येक लॅपला मारलेले हात अनुक्रमे १७, २१, २४, २६. नुसते हे आकडे बघणारा स्टॅमिनाच म्हणेल. पण व्हिडिओत जे दिसलं ते वेगळं होतं.

डाइव्हला हात कानामागे एकावर एक बांधलेले हवेत, ते खांद्याइतके फाकलेले होते. पाण्यात शिरताना हनुवटी वर होती. त्यामुळे पोट आपटलं, गॉगल सरकला आणि एका बाजूनं पाणी भरलं. बाहेर आल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेतला, म्हणजे डाइव्हचा मिळालेला वेग तिथल्या तिथे संपला. मग घाबरून हात भराभर मारले आणि पहिला लॅप तिच्या नेहमीच्या मानानं फारच जोरात गेला. शंभर मीटरच्या रेसमध्ये पहिल्या पंचवीसला उधळलेलं शेवटच्या पन्नासमध्ये व्याजासकट फेडावं लागतं.

आता टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं. भिंतीपासून ५ मीटरवर बॅकस्ट्रोकसाठी झेंड्यांची दोरी असते. ती फ्रीस्टाइलवाल्यांनाही मोजमापाला फार उपयोगी. डोकं झेंड्याखालून भिंतीकडे गेलं तिथपासून परत झेंड्याखाली आलं तिथपर्यंत वेळ लावायची. तिचे तीन टर्न निघाले ९.६, १०.१ आणि १०.४ सेकंदांचे. सरावात हीच मुलगी ८.६ मध्ये टर्न करते. फ्लिप टर्न, म्हणजे कोलांटी मारून वळणं, तिला येतो. रेसमध्ये एका डोळ्यात पाणी, भिंत नीट दिसेना, म्हणून तिन्ही वेळा डोकं वर काढून भिंत बघितली, शेवटचे दोन हात सोडून नुसती तरंगत आली, दोन्ही हातांनी कठडा धरला, छाती पाण्याबाहेर काढून श्वास घेतला आणि मग पाय लावले. बेरीज करा. तीन टर्नमध्ये ४.३ सेकंद गेले. मेडल गेलं ते सहा दशांशानं.

शेवटच्या पाच मीटरमध्ये तिनं दोन श्वास घेतले आणि बोटांच्या टोकांऐवजी पंजा वरून ठेवला. तिथेही दोन-तीन दशांश गेले असणार. हे कोणाला किरकोळ वाटत असेल तर आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची २०१८ ची जकार्तातली आशियाई स्पर्धेची ५० मीटर फ्रीस्टाइल आठवा. त्याचं २२.४७, ब्राँझवाल्या जपानी पोराचं २२.४६. त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे दोन सेंटिमीटरच्या जरा वर.

वडील ऐकून घेतात आणि मग योग्य तोच प्रश्न विचारतात: "पण टर्न तर तुम्हीच शिकवता ना?" हो, शिकवते. पण रोज प्रत्येक २५ ला कठडा धरून थांबणाऱ्या मुलीला ऐन रेसमध्ये कठडाच आठवणार. टर्न वेगळा वीस वेळा केला आणि सेटमध्ये, म्हणजे ठरवून पोहायच्या फेऱ्यांमध्ये, एकदाही केला नाही, तर तो सेटमध्ये येत नाही. एका लेनमध्ये आठ जण असले की भिंतीपाशी गर्दी होते, आधी पोचलेले कोपरा अडवून उभे राहतात, मागून येणाऱ्याला टर्न मारायला जागाच उरत नाही. हे माझ्या बाजूचं म्हणणं. त्यावर कोणी म्हणेल की थांबणाऱ्यांनी डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं हा नियम लावायला कोणी अडवलंय? कोणीच नाही. आता तो लावलाय आणि दर दोन दिवसांनी मोडला जातो.

टर्न बसवायचा तर असा. आधी भिंतीपासून दूर, मध्येच, दोन हात मारून कोलांटी. हनुवटी छातीला, गुडघे जवळ, नाकातून हवा सोडत, नाहीतर नाकात पाणी जातं आणि पोरं चार दिवस टर्नचं नाव काढत नाहीत. मग तळाच्या काळ्या रेषेच्या टोकाला जी आडवी पट्टी असते, ती भिंतीपासून २ मीटरवर. तिच्यावर डोकं आलं की एकच हात आणि कोलांटी, उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे. नजर पट्टीवर, भिंतीवर नाही. पाय लागताना पाठ खाली असली तरी चालते. ढकलताना वळायचं, आधी नाही. पाय भिंतीला लागले की हात डोक्यावर बांधलेले असलेच पाहिजेत, नाहीतर ढकलण्याचा जोर वाया जातो. शेवटच्या हाताला श्वास नाही, बाहेर आल्यावर पहिल्या हातालाही नाही. नियमाप्रमाणे १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, पण नवख्यानं तो मोह टाळावा. किक कमकुवत असताना पाच-सहा मीटरनंतर पाण्याखालचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा कमी होतो, आणि वर श्वासासाठी जीव कासावीस झालेला असतो तो वेगळाच.

डाइव्हबद्दल एकच ताकीद. साडेचार फुटांपेक्षा कमी पाण्यात ब्लॉकवरून (उडीच्या चौथऱ्यावरून) उडी नको, कोणी कितीही म्हणो. आणि गॉगलचा पट्टा कॅपच्या आतून घाला, वरून नाही. निम्मे गॉगल तिथेच वाचतात.

आता सरावाचं. ४०० मीटर वेळ लावून पोहा, नीट विश्रांती घ्या, मग २०० मीटर. दोन्ही भिंतीवरून ढकलून, डाइव्ह नको. समजा ४०० ला ७:२० लागली आणि २०० ला ३:३०. फरक ३:५०, त्याचं निम्मं १:५५. हा तुमचा १०० मीटरचा टिकाऊ वेग. आठवड्यात दोनदा १०० चे आठ-दहा, प्रत्येक १:५५ च्या आसपास, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती. पहिले तीन १:४५ ला मारून शेवटचे २:१० ला आणले तर तो सेट झाला नाही, नुसती दमछाक झाली. असं जवळजवळ प्रत्येक जण करतो. उरलेल्यांपैकी दोन दिवशी वेग: २५ चे आठ, जीव तोडून, मध्ये एक ते दीड मिनिट थांबून. हे थांबणं लोकांना आळस वाटतो, म्हणून दहा सेकंदांतच निघतात आणि वेगाचा सेट पुन्हा त्याच मध्यम वेगाचा होऊन बसतो. पहिल्या २५ पेक्षा एक सेकंदाहून जास्त मागे पडायला लागलात की त्या दिवशी वेग संपला, बाहेर या. आणि रोज किमान चार लॅप हात मोजा. वेळ तीच राहून हात कमी झाले तर पाण्यावरची पकड सुधारतेय. हात कमी आणि वेळ जास्त, तर तुम्ही नुसते तरंगताय.

श्वास हा घेण्यापेक्षा सोडण्याचा प्रश्न आहे. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सुटले पाहिजेत. आत कोंडून ठेवलेली हवा तोंड वळवल्यावर सोडायला गेलात तर घ्यायला वेळच उरत नाही, मग डोकं जास्त वेळ वर, मग पाय खाली. श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे.

किकवर मात्र मी आधीच्या मतावर ठाम नाही आणि आत्ताच्याही नाही. मुलांना भरपूर किक हवी, इथे वाद नाही. पण धावण्याचा सराव असलेले, चाळिशीतले, घोट्यात ताठ झालेले लोक किकबोर्ड घेऊन जागच्या जागी राहतात, काही तर चक्क मागे सरकतात. त्यांना रोज ३०० मीटर किक देऊन काय साधतं? एके काळी देत होते. आता घोट्यांचा व्यायाम, लहान फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) आणि कंबर वर ठेवण्यापुरती किक असं सांगते. उद्या एखादा चाळिशीतला गडी किकवरच पुढे गेला तर परत बदलीन.

अजून एक तक्रार कायमची. "आपल्या तलावात १:२८ आलं, बालेवाडीला १:३२ कसं? घड्याळ चुकलं असणार." घड्याळ ठीक असतं. २५ मीटरच्या तलावात १०० ला तीन टर्न, ५० च्या तलावात एकच. भिंतीवरून ढकलणं हे पोहण्यापेक्षा वेगवान, तेव्हा भिंती कमी झाल्या की टायमिंग चढतंच. दोन तलावांचे आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहू नका.

त्या मुलीचं पुढे काय झालं हेही विचारता. संध्याकाळची बॅच लावली नाही. प्रत्येक सेटमध्ये टर्न सक्तीचा केला आणि पहिला लॅप २० सेकंदांच्या आत पोहायला मनाई. पुढच्या सीझनला तशाच तलावात १:२८.२ आलं. वडिलांचं म्हणणं, ती दरम्यान चांगली उंच झाली, त्यामुळे. ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिचे टर्न ८.९ पर्यंत आले हे मी दाखवते, ते दारामागची पेन्सिलीची खूण दाखवतात.

तेव्हा यापुढे विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण येताना टर्नची वेळ, चारही लॅपचे हात आणि त्या दोनशे-चारशेचे आकडे लिहून आणा. आणि रात्री अकरानंतर नको, पहाटे साडेपाचला तलाव उघडायचा असतो.