तुम्ही विचारलंत म्हणून: या चिल्लरीचे किती येतील?

बँकेत कॅशवर नोकरी झाली आणि पुढे सुट्ट्या नाण्यांचा नाद लागला, हे नात्यागोत्यात आणि सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी शेजारी येऊन बसतं, मोबाइलवरचा फोटो पुढे करतं आणि विचारतं, "काका, हे वैष्णोदेवीचं पाचचं नाणं. याचे किती येतील?"

पाच रुपये येतील. वाण्याकडे द्या, तो घेईल.

श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवासाठी सरकारने ही नाणी भरपूर पाडली. लाखांचे आकडे सांगणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. 'आधी कमिशन भरा, कर भरा, मग तुमचं नाणं घेतो' असं सांगून लोकांना लुबाडलं जातं आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचंच नाव वापरलं जातं. तसा इशारा बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये दिला होता. तीच गत रामदरबार छापलेल्या, '1818, ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेल्या पितळी नाण्याची. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर चादरीवर अशी ढीगभर दिसतील. त्यांच्याच शेजारी दोन पैसे, पाच पैसे, वीस पैसे पसरलेले असतात, तेही मुठीच्या भावाने. म्हणजे विचारणाऱ्यांना माझं उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' हेच असतं. मग लोक दुसरा प्रश्न टाकतात, "मग तुम्ही कशाला जमवता?"

त्याचं उत्तर दहा पैशांच्या नाण्यात आहे. 1957 चं दहा नव्या पैशांचं नाणं हातात घेऊन पाहा. तांबं-निकेलचं, पाच ग्रॅमचं, कडा लाटांसारख्या. हातात भरतं. 1968 च्या सुमारास तेच दहा पैसे निकेल-पितळेचे झाले, पिवळसर. 1971 पासून अॅल्युमिनियमचे, फुंकर मारली तर उडतील असे. 1988 ला स्टीलचे, गोल, शर्टाच्या गुंडीएवढे, दोन ग्रॅमचे. किंमत तीच, पण धातू तीन वेळा बदलला. धातू महाग झाला की नाण्यातला माल नाण्याच्या किमतीच्या वर जायला लागतो, लोक नाणी वितळवायला लागतात, आणि सरकार आणखी स्वस्त धातूकडे पळतं. 1971 साली तर लहान नाणी वितळवणं आणि वितळवण्यासाठी साठवून ठेवणं गुन्हा ठरवणारा खास कायदाच संसदेला करावा लागला. महागाईवरची भाषणं मी बरीच ऐकली, पण ही चार नाणी एका ओळीत ठेवली की जे कळतं ते त्या भाषणांतून कळलं नव्हतं. नोट बिचारी काही सांगत नाही, ती कागदाचीच असते.

एक नवा पैसाही तसाच. सुरुवातीला काशाचा, दीड ग्रॅमचा, गोल. 1965 पासून अॅल्युमिनियमचा, चौकोनी आणि बरोबर निम्म्या वजनाचा.

पण मला त्या नव्या पैशावरची अक्षरं जास्त आवडतात. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चौसष्ट पैशांचा रुपया ज्यांच्या हाडीमाशी भिनला होता, त्यांना आता शंभर पैशांचा रुपया शिकवायचा होता. म्हणून जुन्या पैशाशी घोळ होऊ नये यासाठी नाव 'नया पैसा' ठेवलं आणि नाण्यावरच हिंदीत हिशोब लिहिला: एक नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग', पाचवर 'बीसवाँ भाग', पंचवीसवर 'चौथा भाग'. सगळ्या देशाला अपूर्णांक शिकवणारं एवढं स्वस्त पाठ्यपुस्तक दुसरं झालं नसेल. 1 जून 1964 ला 'नया' गळला. त्याच वर्षी षटकोनी तीन पैसे आले. त्यांच्यावर असं काही लिहिता आलंच नसतं, कारण शंभराला तीनने भाग जात नाही.

आता गंमत बघा. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून तक्ता निघाला: एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. म्हणजे एक-एक आणा चार वेळा वेगवेगळा दिलात तर चोवीसच जातात, एकदम दिलात तर पंचवीस. एका नव्या पैशावरून दुकानात वाद होण्यासारखीच ही सोय होती. जुनी चार आण्यांची आणि आठ आण्यांची नाणी मात्र पंचवीस आणि पन्नास म्हणून चालत राहिली. आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षं पंचवीस पैशांना कोणी पंचवीस पैसे म्हटलं नाही, 'चार आणे'च म्हटलं.

हे चार आणे गेल्याचं मला खरंच वाईट वाटतं. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. हिशोबाच्या दृष्टीने ठीकच झालं. तोवर एसटीचे कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देत होते आणि दुकानदार गोळ्या हातावर टेकवत होते, चार आण्यांना कोणी विचारत नव्हतं. पण सव्वा रुपयाचं काय? आपल्याकडे नारळावर सव्वा रुपया, नवस बोलताना सव्वा रुपया. आज चालणाऱ्या नाण्यांत सव्वा रुपया जमतच नाही. गुरुजींनी अकरा-एकवीसवर तोड काढली. काही घरांत मात्र चार आण्यांचं, गेंडा असलेलं स्टीलचं नाणं पूजेपुरतं राखून ठेवतात, पूजा झाली की परत डबीत. बाजारात मेलेलं नाणं देवापुढे अजून चालतं.

त्या डबीबद्दलच सांगायचं आहे. मराठी घरात जुनी चिल्लर सापडते ती देवघरात. विड्यावर ठेवायचे पैसे, कलशात टाकायचे पैसे असे पिढ्यान्पिढ्या त्याच डबीत जातात. मधे भोक असलेला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा पैसा, 1950 चा घोड्याचा पैसा, पितळी वीस पैसे. त्या वीस पैशांवर कमळ आहे म्हणून लक्ष्मीपूजनात त्यांचा मान असतो. त्यात सोनं असल्याचंही मला लोक अजून ठासून सांगतात. नाही हो, निकेल-पितळ आहे. आणि कृपा करून ही नाणी चिंच लावून, रांगोळीने घासू नका. तांब्याचा काळपट थर गेला की नाणं चकचकीत दिसतं, पण त्यावरची बारीक रेघ पुसली जाते आणि जमवणारा ते हातात घेत नाही.

घासण्याऐवजी वाचा. भिंग घ्या आणि सालाखाली बघा. छोटा चौकट आकार दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, म्हणजे फोर्टातलं. तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. 1985 च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' सापडेल, ते बर्मिंगहॅमला पाडलेले. 1988 च्या काही स्टीलच्या नाण्यांवर 'सी' असतो, ती कॅनडाहून, ओटावाहून आली. आपल्या टांकसाळींना चिल्लर पुरवता येईना, तेव्हा ती परदेशातून पाडून आणावी लागली. चुंबक असेल तर तोही फिरवा. सुरुवातीची पंचवीस नव्या पैशांची नाणी चटकन चिकटतात, कारण ती शुद्ध निकेलची. मधल्या काळातली तांबं-निकेलची चिकटत नाहीत, शेवटची स्टीलची पुन्हा चिकटतात. शाळकरी मुलं या खेळाला दिवसभर पुरतात, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

आठ आण्यांविषयी थोडं, कारण दुकानदार अजूनही 'बंद झालंय' म्हणतात. पन्नास पैसे बंद झालेले नाहीत. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम पन्नास पैशांच्या नाण्यांत देता येते, रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजारापर्यंत. अर्थात कायदा सांगून दुकानदाराशी भांडायला माझी हरकत नाही, पण मागे रांगेत उभे असलेले लोक तुमच्या बाजूने नसतील.

आणि शेवटी माझाच एक प्रश्न. गोव्यात 1958 च्या सुमारास पोर्तुगीजांनी रुपिया काढून एस्कुदो आणला, सहा एस्कुदोंना एक रुपिया या दराने. शंभर सेंताव्हूंचा एक एस्कुदो, म्हणून लहान नाणी पाडली ती दहा, तीस आणि साठ सेंताव्हूंची. आकडे विचित्र वाटतात, पण रुपिया आपल्या रुपयाच्या बरोबरीचा धरला तर तीस म्हणजे पाच नवे पैसे आणि साठ म्हणजे दहा. मुक्तीनंतर ती नाणी गेली. माझ्याकडे दहाचं आहे, साठचं आहे, तीसचं नाही. कोणाच्या घरी डबीत निघालं तर कळवा. त्याचे किती येतील हे मी पहिल्यांदाच खुशीने सांगेन, आणि देईनही.