तेमा बंदरात अडकलेलं 13:0:45

आपल्याकडच्या आंबा बागायतदाराला 13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. घानात मात्र त्याच खताचा आमचा कंटेनर नऊ दिवस तेमा बंदरात पडून राहिला, तोही नावापायी. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

माल चीनहून आलेला, 25 किलोच्या गोण्या. घानातल्याच सोमान्या भागातल्या आंबेवाल्यांना मोहोरासाठी फवारायचा होता. ते दिवस हुकले की खत असून नसल्यासारखं. 2010 च्या कायद्याप्रमाणे लागणारी खताची नोंदणी, कृषी खात्याचा परवाना, सगळं आधीच हातात होतं.

अडलं ते मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजातल्या मालाच्या यादीवर. परवान्यावर ‘एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) 13-0-45’, मॅनिफेस्टवर नुसतं ‘पोटॅशियम नायट्रेट’. वस्तू एकच. पण कस्टम्सच्या सूचीत ती खतांच्या 31व्या प्रकरणात नाही. 28व्या प्रकरणात, रसायनांमध्ये, 2834.21 खाली येते. जहाजावर तर ती यूएन क्रमांक 1486, वर्ग 5.1, म्हणजे धोकादायक माल. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी एका नावावर, मग दुसऱ्यावर बोट टेकवलं. त्याला मी दोष देत नाही. 2020 च्या बेरूत बंदरातल्या अमोनियम नायट्रेटच्या स्फोटानंतर नायट्रेट हा शब्द दिसल्यावर कोण डोळे मिटून सही करेल?

दुरुस्ती करायची जहाज कंपनीच्या एजंटने, आणि तिथेच माझे हेलपाटे सुरू झाले. चीनच्या लोडिंग पोर्टवरून मेल आल्याशिवाय ते कागदाला हात लावेनात. तेमात सकाळचे आठ म्हणजे तिकडे दुपारचे चार. इथे साहेब येऊन मेल लिहीपर्यंत तिकडचं ऑफिस बंद. एका प्रश्नाला एक दिवस. उत्तर आलं तर त्यात वजनाची ओळच नाही, पुन्हा पहिल्यापासून. मध्ये शनिवार-रविवार. काचेमागून मान वर न करता ‘टुमॉरो’. भाडं न लागणारे मोफत दिवस संपले. टर्मिनलचं भाडं वेगळं, कंटेनरचं वेगळं, दोन्ही मीटर चालू. शेवटी एके दिवशी पहाटे चारला उठलो, सप्लायरला फोन करून लोडिंग पोर्टच्या ऑफिसात पाठवलं आणि मेल सुटेपर्यंत फोन ठेवला नाही. त्याच दुपारी मॅनिफेस्ट दुरुस्त झालं! हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल चढवल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीचा, मसुदा जहाज सुटण्याआधी मागवा आणि परवान्याशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन्ही नावं एकाच ओळीत घालून घ्या. मोफत दिवस बुकिंग करतानाच वाढवून मागा, नंतर कोणी ऐकत नाही. आणि घानात कुठल्याही टेबलापाशी गेलात तर आधी नमस्कार-चमत्कार, मग काम. मी घाईत थेट फाईल पुढे केली तेव्हा समोरच्याचा चेहरा उतरलेला मला दिसला.

गोदामात कंटेनर उघडला तेव्हा पहिली गोणी मी स्वतः दाबून पाहिली. गोळे झाले नव्हते, दाणे बोटांखाली सरकत होते. गाडीवाले बाहेर थांबलेच होते. संध्याकाळपर्यंत माल सोमान्याच्या रस्त्याला लागला.

रिकामा कंटेनर परत केल्याची पावती तेवढी जपून ठेवा, कंटेनरची अनामत तिच्यावरच परत मिळते.