कृष्णेच्या काठाकाठाने, एकही तिकीट न काढता

डिसेंबरात मुलीला नाताळची सुट्टी लागली, गावाहून सासूबाई आल्या होत्या आणि घराचा हप्ता भरून फिरायला म्हणून सात हजार रुपये बाजूला पडले होते. पुण्याहून खिद्रापूरला जाऊन यायचं तर आमच्या जुन्या गाडीला पेट्रोलच साडेतीन हजारांच्या घरात. वर जाता-येता चार-चार टोलनाके. म्हणजे पाहायच्या जागांवर एक रुपयाही घालवायचा नाही, हे निघण्याआधीच ठरलं. नकाशा घेऊन बसले आणि वाईपासून कृष्णेचा काठ धरला.

वाईत ढोल्या गणपती. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फुटावं म्हणून. मेणवलीच्या घाटावर घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली घंटा तिथेच आहे.

खरी गुंतले मी साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीत. महामार्ग सोडून जेमतेम काही किलोमीटर आत. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल. जिन्याने उतरलं की विहिरीच्या पोटात चक्क महाल लागतो, खांबांवर हत्ती-घोडे कोरलेले. मुलगी वर मोटा लावायच्या जागा बोटाने मोजत होती. बाहेर ऊन होतं, आत मात्र दगडाला हात लावला की गार. तासभर थांबलो.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, तिथे डोकं टेकवलं आणि पुढे निघालो. मुक्काम नरसोबाच्या वाडीला, साध्या खोलीत. राहण्याचा खर्च तेवढा एकच.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूरच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. हंगामात जाणार असाल तर एक तास जादा धराच. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. समोरचा स्वर्गमंडप गोल, आणि मधोमध छत नाहीच. तेरा फुटांचं आभाळ मोकळं सोडलेलं. खालच्या गोल शिळेवर सासूबाई उभ्या राहिल्या, वर पाहत, किती तरी वेळ. बाहेरच्या गजपट्टातले कित्येक हत्ती सोंडा तुटलेले आहेत, पण एकाच्या गळ्यातल्या घंटेची साखळी अजून कडी न् कडी मोजता येते. मी ती मोजली.

पुजारीकाकांनी सगळं फिरून दाखवलं. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, रागावलेला शंकर तो कोपेश्वर आणि त्याची समजूत काढणारा विष्णू तो धोपेश्वर. समोर नंदी मात्र नाही. सती माहेरी दक्षाकडे गेली तेव्हा नंदी तिच्यासोबत होता, म्हणून तो पलीकडे कर्नाटकात यडूरला, असं काका म्हणाले.

"मग दर्शन अर्धंच राहिलं की गं," सासूबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. नवऱ्याने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं, मी पाकिटातल्या नोटा मोजल्या, आणि गाडी यडूरच्या रस्त्याला लावली.