कळंगुटची शेवटची बस आणि साडेबाराशेचं पापलेट

"कळंगुटहून पणजीला रात्री अकरापर्यंत बस असतात," असं मला निघण्याआधी तीन जणांनी सांगितलं होतं. तिघांकडेही स्वतःची गाडी आहे, हे नंतर लक्षात आलं. तर निकाल आधीच सांगते. पावसाळ्यात गोवा बसने फिरणार असाल, तर किनाऱ्यावर दुपारी जेवा आणि रात्रीचं जेवण जिथे झोपणार तिथेच, चालत पोचता येईल एवढ्यावर. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आम्ही दोघी होतो, मी आणि आत्या. आत्या त्रेसष्टची, पण गुडघे माझ्यापेक्षा बरे. कोल्हापूरहून पणजी, मुक्काम पणजीतल्याच मळा नावाच्या भागात, चार दिवस, जुलै महिना. स्कूटर मला येते, पण त्या पावसात त्या रस्त्यांवर आत्याला मागे बसवायची माझी छाती नाही. पहिले दोन दिवस मडगाव आणि जुनं गोवं झालं. पणजी-मडगाव कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या, शटलला खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, बसायला जागा मिळते, मधे कुठे थांबत नाही. छान गेले दिवस. पुढे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला पणजी स्टँडवरून कळंगुटची खासगी बस धरली. नेरूळ, कांदोळी करत गेली. या बसमध्ये कंडक्टर 'फुडें, फुडें' करत माणसं आत कोंबतो आणि बस नीट थांबायच्या आत चढा-उतरायला लावतो. आत्याने त्याला "बाबा, मी काय बोचकं आहे का?" असं विचारल्यावर बस चक्क थांबली. खिशात सुट्टे ठेवा, पाठीची सॅक पोटावर घ्या, उतरायचं ठिकाण दोन थांबे आधी सांगा.

सात वाजता कळंगुटला लागून असलेल्या बागा किनाऱ्याच्या बाजूला एका हॉटेलात जेवायला बसलो. नाव लिहीत नाही, तशी तिथे अर्धा डझन सापडतील. वेटर म्हणाला, पापलेट आज सकाळचं, एकदम फ्रेश. मेनूकार्डवर किमतीच्या जागी 'एपीएस', म्हणजे माशाच्या आकाराप्रमाणे. इथे माझी अक्कल चरायला गेली होती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात. लहान होड्या थोडंफार आणतात, नदीतला मासा येतो, पण जुलैत ताटभर आकाराचं पापलेट 'सकाळचं' म्हणून कोणी सांगत असेल तर ते बहुतेक कुठल्या तरी शीतपेटीतल्या सकाळचं. बिलात त्या एका माशाचे 1,250 रुपये. आत्या म्हणाली, "मासा खाल्ला की त्याच्या आजोबांचं वर्षश्राद्ध घातलं?" मी वाद घातला. शंभर रुपये कमी झाले आणि वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं महागात पडली.

बाहेर आलो तेव्हा पावणेनऊ. पाऊस भुरभुर. बाजारातल्या थांब्यावर एक कुत्रं आणि आम्ही. समोरचा पानवाला शटर ओढता ओढता म्हणाला, "आतां बस मेळची ना, बाये." म्हणजे आता बस मिळणार नाही. टॅक्सीवाल्याने पणजीचे 1,800 सांगितले. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास! ॲपवरून गाडी बोलावली, तर ड्रायव्हरचा फोन: इथे किनाऱ्याकडे उभं राहता येणार नाही, भांडणं होतात, तुम्ही सेंट ॲलेक्स चर्चपाशी या.

सगळ्यात अवघड तुकडा हाच. किनाऱ्याकडून चर्चपर्यंत. दिवसा काहीच वाटणार नाही. रात्री पावसात फूटपाथ म्हणजे मधेच संपणारी, मधेच गटारावरची फरशी. ती पण कुठे उघडी. फरशी संपली की रस्त्यावर उतरायचं, आणि रस्त्यावर भाड्याच्या स्कूटरवरून पिऊन निघालेली पोरं, दोन्ही बाजूंनी. मोबाइलचा दिवा खाली धरावा तर समोरच्याला आम्ही दिसत नाही, समोर धरावा तर खड्डा दिसत नाही. शेवटी आत्याने तिची पांढरी ओढणी छत्रीला बांधली आणि दिवा तिच्यावर मारला. पस्तीस मिनिटं लागली. कोणी त्रास दिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. भीती माणसांची नव्हती, चाकांची होती. गाडीचे 640 झाले. गाडीत बसल्यावर मी रडले, आत्या घोरली.

आता कामाचं. संध्याकाळी सातच्या आत किनारा सोडा आणि परतीची बस किती वाजता हे हॉटेलात नाही, कंडक्टरला उतरतानाच विचारा. एकटे असाल तर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, म्हणजे 'पायलट', चांगली. भाडं बसायच्या आधी ठरवा, हेल्मेट मागा. दोघांना ती एक उपयोगाची नाही. एक चांगली टॉर्च न्या, छत्रीपेक्षा महत्त्वाची. अडचण आली तर 112. पणजीत स्टँडवरून मळ्यात यायला ओरेंच्या खाडीवरचा पादचारी पूल आहे, मुख्य रस्त्याने वळसा घालायची गरज नाही. मांडवीपलीकडे बेतीला जायचं तर फेरीबोट, पायी माणसाला फुकट.

खाण्याचं म्हणाल तर मासा मागवताना 'हाच मासा, किती रुपये' असं, मासा समोर आणायला लावून विचारा. लाज वाटत असेल तर आत्यासारखं कोणी बरोबर न्या. बंदीच्या दिवसांत इसवण (सुरमई)-पापलेटाचा हट्ट सोडा, चोणक किंवा शेवटे हे खाडी-नदीतले मासे आहेत का ते विचारा, आणि सुक्या सुंगटांची किस्मूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, ताटात असेल तर भात जास्त मागून ठेवा. दुपारी साडेतीनला बरीच हॉटेलं झोपतात, ती थेट सातला उठतात. तेवढ्यात भूक लागली तर कॅफेत मिरची भजी, बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या), पातळ भाजी-पाव.

चौथ्या रात्री आम्ही खोलीपासून दोनशे पावलांवरच्या गाड्यावर रस ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रश्श्यातलं ऑम्लेट, खाल्लं, उभ्यानेच, वर कांदा, लिंबू आणि गरम पाव. गाडेवाल्याने अंडं फोडायला हात उचलला आणि आत्या म्हणाली, "थांब. आधी किंमत."